केबलच्या जमान्यातलं अर्धवट आठवणारं गाणं कसं शोधायचं: सगळी पद्धत, पहिल्यापासून

एक गाणं आहे. एक माणूस पाठीवर अख्खं लाकडी दार बांधून चाललाय, खाली सगळीकडे घोटाभर पाणी, मागे काहीच नाही, नुसतं आभाळ. मधेच तो थांबतो, दार उभं करतो, कडी वाजवतो आणि स्वतःच उघडून पलीकडे जातो. गाणं हिंदी, आवाज पुरुषाचा, तबला नव्हता, गिटार होती. बस एवढंच. दाराचा रंग पण मला माहितीये पण तो मी मुद्दाम सांगत नाहीये, का ते पुढे येईलच.

शाळेत असताना नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी दुपारी हे गाणं मी तीन-चार वेळा बघितलं असेल आणि मग ते गायबच झालं. मागची पाच-सहा वर्षं मी ते नीट पद्धतीनं शोधतेय आणि त्या नादात माझ्या बहिणींची, मैत्रिणींची, ऑफिसातल्या लोकांची मिळून बरीच गाणी सापडली, काही तर अर्ध्या तासात. म्हणून म्हटलं ही पद्धत एकदा सविस्तर लिहून ठेवावी, कारण प्रत्येकाच्या डोक्यात असं एक तरी गाणं अडकलेलं असतंच.

हे पण सांगते की मी हिट गाण्यांबद्दल बोलत नाहीये. मेड इन इंडिया किंवा ओ सनम कुणी विसरलेलंच नाही, टाइप केलं की येतात. मी बोलतेय ती जी दोन-तीन आठवडे दुपारच्या वेळेला लागायची, कुणा नवीन मुलाचा एकच अल्बम आलेला असायचा आणि मग तो मुलगाही दिसला नाही, गाणंही नाही. व्हिडिओ टेपवर चॅनेलकडे जायचा, कॅसेट कंपनी बंद पडली किंवा विकली गेली की ती टेप कुठे गेली कोण विचारतंय. अशा गाण्यांचं रजिस्टर कुणी ठेवलेलं नाही, जे काही आहे ते बघणाऱ्यांच्या डोक्यातच आहे.

आधी लिहा, मोबाइल बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गाणं आठवलं रे आठवलं की आपण लगेच सर्च करतो, समोर दहा जुनी गाणी येतात, आपण ती बघत बसतो आणि आपल्या मूळ आठवणीत त्या दहा गाण्यांचे तुकडे मिसळतात, मग खरं काय बघितलं होतं ते कायमचं धूसर होतं. ही नुसती माझी समजूत नाहीये. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि मग वेग विचारला, काहींना विचारताना 'गाड्या धडकल्या तेव्हा' असा साधा शब्द वापरला आणि काहींना 'चक्काचूर झाल्या तेव्हा' अशा अर्थाचा. दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला, आणि आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली होती का विचारलं तर 'हो दिसली' म्हणणारेही त्याच गटात जास्त निघाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! नुसत्या एका शब्दानं जर आठवणीत काच येत असेल तर दहा व्हिडिओ बघून काय होईल विचार करा.

तर वही घ्या, वीस मिनिटं बसा, शक्यतो एकटे. जे जे आठवतंय ते सगळं उतरवा, क्रम नको, चूक-बरोबर नको. 'बहुतेक' वाटतंय ते पण लिहा, फक्त पुढे प्रश्नचिन्ह टाका. मी तीन खुणा ठेवते: पक्कं असेल तर बरोबरची खूण, बहुतेक असेल तर प्रश्नचिन्ह आणि दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून माहीत असेल तर त्या माणसाचं नाव. ही तिसरी खूण फार महत्त्वाची आहे, कारण सहा महिन्यांनी तुम्हाला कळत नाही की हे मी बघितलं होतं की दादानं सांगितलं होतं.

लिहून झालं की उलटीकडून जा. म्हणजे गाण्याचा शेवट काय होता, त्याच्या आधी काय, त्याच्या आधी काय. हे मी पोलिसांच्या पद्धतीवरून घेतलंय, साक्षीदारांना नीट आठवावं म्हणून फिशर आणि गाइझलमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विचारण्याची एक रीत तयार केली, त्यात ही उलटी उजळणी आहे, जागा मनात परत उभी करणं आहे आणि फालतू वाटलं तरी सगळं सांगायचं हे पण आहे. मला कडी वाजवणं उलटं जातानाच आठवलं, सरळ आठवताना ते कधीच येत नव्हतं.

गाणं सोडा, खोली आठवा

इथे जास्तीत जास्त वेळ द्या. गाण्यावर थेट झडप घातली की ते येत नाही पण खोली आठवली की मागोमाग येतं. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना पाण्याखाली शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या होत्या, तर त्या याद्या बाहेर काठावर येऊन आठवण्यापेक्षा परत पाण्याखाली गेल्यावर जास्त आठवल्या. आपलं पण तसंच, आठवण जिथे ठेवली तिथेच सापडते.

तर स्वतःला विचारा, टीव्ही कुठे होता, कशावर ठेवला होता, त्यावर काय होतं, क्रोशाचा रुमाल, फुलदाणी, गणपती? तुम्ही जमिनीवर बसला होतात की दिवाणावर? कोण होतं घरात? काय खात होतात? आमचा शटरवाला टीव्ही होता, लाकडी कपाटाचा, दोन्ही बाजूंनी शटर सरकवून बंद करायचा, आणि उजवीकडचं शटर अडकायचं म्हणून ते अर्धंच उघडायचं. मी डोळे मिटून बसले तर मला आधी ते अर्धं शटर दिसलं, मग शाळेतून भिजून आलेला माझा युनिफॉर्म खुर्चीवर वाळत टाकलेला दिसला, पंखा फुल, आणि मग दारवाला माणूस. म्हणजे पावसाळा! हे मला वीस वर्षं माहीत नव्हतं कारण मी आजवर गाण्यातलंच आठवत होते.

आता चित्र कसं होतं ते लिहा, साफ की मुंग्या की दोन-दोन सावल्या. याचा खरंच उपयोग होतो. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठ्या जाळीच्या छत्र्या असायच्या, तिथून वायर गच्ची-गच्चीवरून, झाडावरून, विजेच्या खांबावरून आपल्या घरापर्यंत यायची, मधे मधे अॅम्प्लिफायरचे डबे. वायर जितकी लांब तितका सिग्नल कमी, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवरचे चॅनेल लांबच्या वायरीत जास्त मार खातात. म्हणून लाइनच्या शेवटच्या घरात खालचे चॅनेल बरे दिसायचे आणि वरचे मुंग्यांनी भरलेले. तुमचं गाणं मुंग्यांमधून दिसलेलं आठवत असेल आणि दुसरं एखादं साफ, तर ती दोन वेगवेगळ्या चॅनेलवरची असायची शक्यता आहे. जुन्या टीव्हीला आठ किंवा बारा बटणं असायची, प्रत्येकावर एकेक चॅनेल सेट केलेलं, तर कितव्या बटणावर हे लागायचं ते आठवून बघा, बोटांना बऱ्याचदा डोक्यापेक्षा जास्त आठवतं.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: तो टीव्ही रंगीत होता का? हे लिहून ठेवा, यावर परत येऊ.

वर्ष पकडायचं

'नाइन्टीजमधलं' एवढ्यावर काही सापडत नाही. दहा वर्षांचं दोन करा, दोनाचा एक सीझन करा, मग शोध सोपा होतो.

आधी चॅनेलचा हिशोब. स्टार टीव्ही १९९१ मध्ये आला, त्याच्याबरोबरच एमटीव्ही, तो हाँगकाँगहून यायचा आणि त्यावर बहुतेक इंग्रजी गाणीच. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ पासून. १९९४ मध्ये एमटीव्हीनं स्टारची साथ सोडली आणि त्याच्या जागी चॅनेल व्ही आलं, मग १९९६ मध्ये एमटीव्ही भारतासाठीचं म्हणून परत आलं आणि हळूहळू हिंदी गाणी दाखवायला लागलं. मराठीचं म्हणाल तर अल्फा मराठी ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ईटीव्ही मराठी २००० मध्ये. म्हणजे कोपऱ्यात मोठा व्ही आठवत असेल तर १९९४ च्या आधीचं नाही, आणि एमटीव्हीवर हिंदी पॉप बघितल्याचं आठवत असेल तर ते बहुतेक १९९६ च्या नंतरचं. डिश आणि केबल लांबची गोष्ट, नुसतं दूरदर्शन असेल तर मेट्रो चॅनेलवर पण अशी गाणी लागायची, ते विसरू नका.

मग गाजलेल्या गाण्यांचे खांब रोवा. बाबा सहगलचं ठंडा ठंडा पानी १९९२, अलिशा चिनॉयचं मेड इन इंडिया १९९५, लकी अलीचं ओ सनम १९९६, दलेर मेहंदीचं तुनक तुनक तुन १९९८, मिलिंद इंगळे आणि सौमित्रचा गारवा पण १९९८. आता विचारा, आपलं गाणं बघितलं तेव्हा ओ सनम येऊन गेलं होतं का? 'आधी की नंतर' हा प्रश्न आपलं डोकं बऱ्यापैकी बरोबर सोडवतं, 'कुठल्या साली' विचारलं की गोंधळतं.

शेवटी घरचे खांब, आणि हेच सगळ्यात पक्के. गणपती दूध प्यायला तो दिवस, २१ सप्टेंबर १९९५, प्रत्येकाला आपण कुठल्या देवळाच्या रांगेत होतो ते आठवतं. नाशिककरांना सिंहस्थ, १९९१ चा आणि २००३ चा, दोन्ही वेळचं नाशिक एकदम वेगळं. वर्ल्ड कप ९६ आणि ९९. घर बदललं ते, फ्रीज आला ते, भाऊ झाला ते.

माझं कसं जमलं बघा. दादाची दहावी मार्च ९८ ला. दहावीचं वर्ष म्हणजे घरातलं केबल काढलं, हे तेव्हा घरोघरी चालायचं, बाबांनी जून ९७ मध्ये स्वतः पक्कडनं वायर काढून गुंडाळून खिळ्याला लटकवली होती आणि परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये परत जोडली. ९८ च्या दिवाळीत शटरवाला टीव्ही गेला आणि नवीन आला. गाणं मी अर्ध्या शटरमधून बघितलंय म्हणजे दिवाळी ९८ च्या आधी. भिजलेला युनिफॉर्म म्हणजे जून ते सप्टेंबर. ९७ च्या पावसाळ्यात केबलच नव्हतं. ९६ च्या पावसाळ्यापर्यंत बटण नंबर ७ वर लागणारं ते चॅनेल आमच्या केबलवाल्याकडे यायचंच नाही. उरला फक्त ९८ चा पावसाळा. चार महिने! दहा वर्षांवरून चार महिन्यांवर आले, आणि हे सगळं एकही बटण न दाबता, नुसतं वहीत.

चाल आणि शब्द

शब्द जसे ऐकू आले तसेच लिहा, अर्थ लावू नका. आपण लहानपणी पंजाबी शब्दांचं मराठी करून ऐकलेलं असतं, म्हणून निरर्थक वाटणारे अक्षरांचे तुकडे तसेच ठेवा आणि मग ते पंजाबी किंवा गुजराती येणाऱ्या कुणाला तरी मोठ्यानं म्हणून दाखवा. माझ्या एका मैत्रिणीच्या डोक्यात पंधरा वर्षं एक ओळ होती जी तिला भाजीवाल्याची आरोळी वाटायची, देवळाली कॅम्पातल्या तिच्या शेजारच्या पंजाबी आंटींनी एका दमात पूर्ण कडवं म्हणून दाखवलं.

फक्त चाल आठवत असेल तर गुगलच्या अॅपमध्ये माइकवर गाणं गुणगुणून शोधायची सोय ऑक्टोबर २०२० पासून आहे. दहा-पंधरा सेकंद त्याच चालीत 'ला ला' करा, शब्द घालू नका, पंखा बंद करा. शझाम (वाजणारं गाणं ऐकून नाव सांगणारं अॅप) यासाठी चालत नाही, त्याला खरं रेकॉर्डिंग ऐकवावं लागतं, गुणगुणलेलं त्याला कळत नाही. पण जुन्या कॅसेटचा तुकडा हाती लागला तर शझामच वापरा. एक लक्षात ठेवा, यूट्यूबवर काही लोक गाणं पकडलं जाऊ नये म्हणून वेग किंवा पट्टी थोडी बदलून टाकतात, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी-जास्त करून परत ट्राय करा.

सर्च करताना एकाच स्पेलिंगवर अडकू नका. तेव्हाचे व्हिडिओ चढवणारे लोक आपल्यासारखेच कानावरून स्पेलिंग करणारे, एक ए की दोन, व्ही की डब्ल्यू, सगळं बदलून बघा. गायकाचं नाव माहीत नसेल तर चित्रातलं लिहा, 'दार घेऊन चालणारा माणूस' असं, कारण खाली कमेंटमध्ये लोक असंच लिहितात. आणि माझा सगळ्यात आवडता रस्ता म्हणजे जुन्या जाहिराती. काही लोक व्हीएचएसवरची, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटवरची, अख्खी रेकॉर्डिंग जाहिरातींसाठी चढवून ठेवतात, नाव असतं फक्त चॅनेल आणि साल, आणि मधे गाण्यांचे तुकडे असतात ज्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. मला सापडलेल्यांपैकी तीन अशीच सापडली.

माणसांना विचारायचं, पण कसं

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. निदान पहिल्यांदा नाहीच. ग्रुपवर पहिला माणूस जे म्हणतो तेच पुढच्या सगळ्यांना 'आठवतं'. एकेकाला वेगळं विचारा, आणि आपल्याकडचं सगळं सांगून टाकू नका.

दादाला मी असं विचारलं:

"दादा, तुझी दहावी झाल्यावर केबल परत जोडलं ना, तेव्हा दुपारी काय लागायचं रे?"

"गाणीच लागायची. तू रिमोट... रिमोट कुठे होता तेव्हा. तू बटणापाशीच बसायचीस."

"कुठली गाणी?"

त्यानं सहा-सात सांगितली, सगळी माहितीतली. मी गप्प बसले, वाट बघितली, चहा ओतला. मग तो म्हणाला, "आणि ते एक बोअर गाणं होतं बघ, तो वेडा पाण्यात दार घेऊन फिरायचा."

मी दाराचं नावही काढलं नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं मला कधी कधी वाटायचं की हे स्वप्नातच बघितलं असेल, आणि आता दुसऱ्या माणसाच्या डोक्यात तेच दार निघालं.

म्हणून सांगते, उघडे प्रश्न विचारा आणि मग थांबा, लोकांना वेळ द्या. आणि एक गोष्ट स्वतःकडेच राखून ठेवा, जी फक्त खरं बघितलेल्यालाच माहीत असेल. माझ्याकडे ती म्हणजे दाराचा रंग. कुणी म्हणालं 'हो हो मी बघितलंय' की मी विचारते, रंग सांगा. नाही तर लोक प्रेमापोटी हो म्हणतात आणि आपण भलत्याच वाटेला लागतो.

कुणाला विचारायचं? मोठी मावस-चुलत भावंडं, हॉस्टेलला राहिलेले, कारण तिथे टीव्ही रूममध्ये दिवसभर हेच चालू असायचं. मेनरोड, शालिमार, नाशिकरोडकडचे जुने कॅसेटवाले, त्यातल्या बऱ्याच जणांनी आता मोबाइलची कव्हरं विकायला घेतलीत पण माणूस तोच आहे आणि त्याला कंपनी, कव्हर, सगळं आठवतं. केबलवाल्याकडची पोरं पण, जी गच्चीवर चढून वायर ओढायची, ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि कंट्रोल रूममध्ये दिवसभर बारा टीव्ही समोर घेऊन बसलेली असायची.

कागद आणि कॅसेट

ऑडिओ कॅसेटच्या आतलं कार्ड सोन्यासारखं असतं. गीतकार, संगीतकार, स्टुडिओ, कंपनी, साल, सगळं बारीक अक्षरात. घरात पिशवीभर कॅसेट असतील तर प्रत्येक कार्डाचा फोटो काढून ठेवा, पाठीमागचा पण, कारण तिथे त्याच कंपनीच्या दुसऱ्या अल्बमची जाहिरात असते आणि गायब झालेल्या गायकांची नावं तिथेच मिळतात. कंपनी कळली की पुढे ती कोणी घेतली ते बघा. लकी अलीचा सुनो हा अल्बम बीएमजी क्रेसेंडोचा, ती कंपनी पुढे सोनीत गेली म्हणून त्यातलं ओ सनम आज सोनीच्या यूट्यूब चॅनेलवर बघायला मिळतं. डिस्कॉग्स नावाच्या साइटवर कंपनी आणि साल टाकून यादी काढता येते, भारतीय कॅसेट तिथे सगळ्या नाहीत पण बऱ्याच आहेत.

जुने पेपर आणि साप्ताहिकं चाळायची असतील तर साल आधी पक्कं पाहिजे, नाही तर कंटाळून सोडून द्याल. नाशिककरांसाठी सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं, तिथे जाऊन कुठल्या वर्षाचे अंक बघायला मिळतात ते विचारा. रसरंग हे सिनेमाचं साप्ताहिक तर आपल्या नाशकातूनच निघायचं, कुणाच्या घरी जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर हात जोडून बघायला मागा.

व्हीएचएस, आणि लग्नाच्या कॅसेटचा शेवट

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं. तुमच्या घराच्या माळ्यावर एक तरी व्हीएचएस असणार आणि ती बहुतेक लग्नाची असणार. ई-१८० लिहिलेली कॅसेट साध्या स्पीडला तीन तास चालते, लाँग प्लेवर सहा. लग्नाचं शूटिंग दोन-सव्वादोन तासांत संपलेलं असतं. उरलेल्या भागावर घरातल्या कुठल्या तरी पोरानं टीव्हीवरचं रेकॉर्ड केलेलं असतं. म्हणून पाठवणीनंतर कॅसेट बंद करू नका, शेवटपर्यंत चालू द्या.

पण लगेच व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, घालू नका. आधी कॅसेटचं पुढचं झाकण उचलून, खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर टॉर्च मारून बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर बुरशी आहे, ती कॅसेट घातली तर टेप फाटते आणि बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. अशी कॅसेट हे काम करणाऱ्याकडे द्या. आपल्याकडे तीन-चार महिने पावसाळा, माळ्यावर ओल, त्यामुळे हे फार बघायला मिळतं. साफ असेल तर मागच्या बाजूचं प्लास्टिकचं छोटं पान तोडून टाका म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्ड होणार नाही. व्हीसीआर आधी एखादी बिनकामाची कॅसेट घालून तपासा, टेप चावत नाही ना. मग आपली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या, वर्षानुवर्षं चिकटलेली टेप मोकळी होते.

व्हीसीआरमधून पिवळी, पांढरी, लाल वायर निघते (काहींना ऑडिओची एकच, पांढरी), ती यूएसबी कॅप्चरच्या छोट्या डबीला आणि डबी लॅपटॉपला. ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. सेटिंग पॅल (टीव्हीच्या सिग्नलचा एक प्रकार) ठेवा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, कारण आपल्याकडचं टीव्ही पॅलवर होतं, दुसरं काही निवडलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली पळतं. चित्रात आडव्या पट्ट्या येत असतील तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग हळूहळू फिरवा. आणि सगळं रेकॉर्ड करा. जाहिराती, मुंग्या, मधला निळा पडदा, काही कापू नका. साल ठरवायला पुढे त्या जाहिरातीच कामी येतात.

एक गोष्ट खास बघा, गाण्याची पहिली आणि शेवटची पाच सेकंद. म्युझिक चॅनेलवर खाली डावीकडे तेवढाच वेळ पट्टी यायची, गाण्याचं नाव, गायक, अल्बम, कंपनी. तिथे थांबून एकेक फ्रेम पुढे जा.

मागच्या मे महिन्यात जेलरोडला आत्याकडे गेले होते. माळा साफ करायला घेतला तर चार कॅसेट निघाल्या, एकीवर आत्याच्या अक्षरात 'साखरपुडा + हळद'. ताईचा साखरपुडा ९८ चा, श्रावणातला. साल बघूनच मी ती पिशवीत घातली. घरी लावली, हळद संपली, मुंग्या आल्या, निळा पडदा, मग क्रिकेटचा तुकडा, साबणाची जाहिरात, आणि मग पाणी. घोटाभर पाणी. माणूस दाराच्या पलीकडे गेलेला होता, दार एकटंच उभं होतं आणि गिटारचे शेवटचे सूर.

अकरा सेकंद. मी ती किती वेळा बघितली सांगता येणार नाही.

आणि दाराचा रंग वेगळा होता. मी वीस वर्षं मनात छातीठोकपणे एक रंग धरून बसले होते, दादानं दुसराच सांगितला होता, आणि कॅसेटवर तिसराच. मग डोक्यात प्रकाश पडला. आमचा शटरवाला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता! मी आणि दादानं तो रंग कधी बघितलाच नव्हता, दोघांच्या मनानं आपापला रंग भरला होता. दार खरं, पाणी खरं, कडी खरी, रंग मात्र घरचा. म्हणून टीव्ही रंगीत होता का हे मी वर पहिल्यांदा लिहायला लावलं. ज्याच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट होता त्यानं आपल्या वहीतल्या सगळ्या रंगांपुढे आजच प्रश्नचिन्ह टाकावं.

पट्टी पण आली. पण व्हीएचएसच्या चित्राच्या तळाशी नेहमीच थोडा भाग फाटल्यासारखा हलत असतो आणि ही कॅसेट तर बरीच झिजलेली, त्यामुळे चार ओळींपैकी खालच्या दोन गेल्या. वरच्या ओळीत गाण्याचं नाव असतं, त्यातला एक शब्द वाचता येतो, 'घर'. दुसऱ्या ओळीत गायकाचं नाव, त्यातलं पहिलं अक्षर बहुतेक इंग्रजी एस आहे. बहुतेक, म्हणून वहीत पुढे प्रश्नचिन्ह आहे.

आता मी ९८ च्या पावसाळ्यातल्या कॅसेटची कार्डं गोळा करतेय, आणि कुणाच्या माळ्यावर त्या वर्षाच्या साखरपुड्याची, मुंजीची, बारशाची कॅसेट असेल तर ती शेवटपर्यंत चालवून बघा एवढीच विनंती. आणि हे गाणं रंगीत टीव्हीवर बघितलेलं आठवत असेल तर मला काही सांगायच्या आधी दाराचा रंग कागदावर लिहून ठेवा.